तेहतीस अंशांचा अपमान

मे महिन्यात रात्रीच्या बातम्यांत राज्यातल्या तापलेल्या शहरांची यादी लागते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, जळगाव, मालेगाव. प्रत्येक नावापुढे चव्वेचाळीस, पंचेचाळीस असा भरभक्कम आकडा आणि मागे हलत्या ज्वाळा. मालवणात आम्ही ही यादी उघड्या अंगाने, खांद्यावर ओला पंचा टाकून, पंख्याच्या बरोबर खाली खुर्ची सरकवून बघतो. कपाळावरून निघालेली धार नाकाच्या शेंड्याशी येऊन लोंबकळते; ती पुसायला हात उचलावा, तर कोपरातून दुसरी सुटते. आणि अगदी शेवटी, जाहिरातींना जाता जाता, निवेदिका उरकून टाकते, ‘कोकण किनारपट्टीवर मात्र तापमान सरासरीइतकंच, तेहतीस अंश.’

त्या क्षणी मालवणातल्या घराघरांतून टीव्हीला जी उत्तरं जातात, ती छापता येत नाहीत.

उकाडा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलोय, त्याबद्दल ब्र काढणार नाही. पण सोसलेल्याची कुठे नोंद नको? रात्र रात्र जागून अभ्यास केलेल्या मुलाच्या हाती तेहतीस मार्कांचा पेपर पडावा आणि पास व्हायला लागावेत पस्तीस, तशी दर उन्हाळ्यात मालवणची गत होते. घाम आमचा, नाव चंद्रपूरचं.

सरकारी निकषच बघा. उष्णतेची लाट जाहीर व्हायला मैदानी भागात पारा किमान ४० ला पोचावा लागतो, डोंगराळ भागात ३० चालतात, आणि किनारपट्टीला ३७ लागतात. वर तो सरासरीच्या साडेचार अंश तरी पुढे गेलेला हवा. मालवणचा पारा बाराही महिने तिशीच्या आगेमागे लोळत असतो. जानेवारीतही दुपारी एकतीस-बत्तीस आणि मे महिन्यात तेहतीस. साडेचार अंश वर जायचं म्हणजे आधी जागचं उठायला हवं, आणि या हवेत जागचं उठतो कोण? आमच्याच जिल्ह्यातल्या आंबोलीला डोंगराचा निकष लागतो, तिथं तिसांत काम भागतं. पण लाट मागायला म्हणून आंबोलीला गेलेला माणूस घाटातला वारा लागला की मागणी विसरतो आणि भजी मागवतो.

शिवाय हा पारा मोजतात कुठे? तर चार पायांवर उभ्या असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत. चारही बाजूंना झडपा, आत तापमापक, जमिनीपासून माणसाच्या छातीइतका उंच. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने ही पेटी घडवली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा हा बाप. पोराने माणसांना खजिन्यामागे उन्हातान्हात पळवलं, बापाने तापमापकाला कायमचं सावलीत बसवलं. अख्ख्या तालुक्यात पांढरे कपडे घालून, चहूबाजूंनी वारा घेत, कुणाचा धक्का न लागता सावलीत उभा असलेला हा एकटाच इसम, आणि उकाडा किती ते विचारायचं त्याला! त्याला एकदा सहा आसनी रिक्षात अकरावा प्रवासी म्हणून कोंबा, मांडीवर दुसऱ्याचं पोर द्या, पायांत सुक्या बांगड्यांची पिशवी ठेवा, कट्ट्यापासून भरड नाक्यापर्यंत आणा आणि मग आकडा वाचा.

हा सगळा अपमान आम्ही आपसात चघळून पचवत होतो. पण आमच्या चिरंजीवांनी पुण्यात नोकरी करता करता अकोल्याची मुलगी पसंत केली आणि बातम्यांतलं अकोला थेट माझ्या पडवीत येऊन बसलं.

व्याहीबुवा आले तेही ऐन मे महिन्यात. कुडाळ स्टेशनवर उतरले तेव्हा सदरा अंगाला चिकटलेला, चष्म्यावर वाफ, आणि भुवयांतून पाणी गळत होतं.

‘‘इवाई, इकडं पाऊस पडून राह्यला वाटते?’’ त्यांनी वर बघून विचारलं.

वर निरभ्र आकाश होतं. मी म्हटलं, ‘‘व्याहीबुवा, तो तुमचाच आहे.’’

पण गडी कबूल होईना. ‘‘नाई नाई, गाडीत पानी सांडलं असंन. किती हाय आज इकडं?’’

‘‘तेहतीस.’’

‘‘तेहतीस?’’ ते स्टेशनवरच्या हमालांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हसले. ‘‘याले तुमी उनाया म्हंता? हा तं आमच्या इकडचा हिवाया हाय, बाप्पा!’’

मग घरी येईपर्यंत त्यांनी मला अकोल्याचं ऊन समजावून सांगितलं. तिथं दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. गाडीच्या सीटवर बसणं ही शिक्षा असते. आणि परमावधी म्हणजे, २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी चक्क कलम १४४ लावलं होतं. कामगारांना पाणी द्या, पंखे द्या, भर दुपारी क्लास भरवू नका, असा हुकूमच निघाला होता. ‘‘आमच्या उन्हाले कलम लागते, इवाई,’’ व्याहीबुवा छाती काढून म्हणाले. ‘‘तुमच्या उन्हाले कोन विचारते?’’

यावर मी काय बोलणार? दंगलीच्या योग्यतेला पोचलेलं ऊन ज्यांच्या पदरी आहे, त्यांच्यापुढे आमचा चिकट, अहिंसक, तेहतिशीतला उकाडा काढायचा तरी कसा?

कोकणची लाज राखायची म्हणून मी भिरा काढला. रायगड जिल्ह्यातलं, टाटांच्या वीजकेंद्राचं हे गाव. २८ मार्च २०१७ रोजी तिथं ४६.५ अंशांची नोंद झाली आणि देशोदेशीच्या बातम्यांत कोकणचं नाव आलं. त्या आठवड्यात मालवणच्या बाजारात लोक एकमेकांना ‘बघितलंस मां?’ असं विचारत होते. भिरा कुठे आहे ते निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण कोकणात आहे एवढं पुरे होतं.

व्याहीबुवांनी मोबाइलवर नकाशा उघडला. ‘‘हे तं पुन्याजवळ हाय. तुमच्यापासून कुठं?’’

त्यांच्या सामानात एक अवाढव्य लाकडी खोका होता. तो रिक्षाच्या टपावर बांधून आणला होता. उघडला तर आत कूलर. पत्र्याचा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या लावलेला अस्सल वऱ्हाडी कूलर. ‘‘लेकीच्या सासरी बिना कूलरचं कसं झोपतेत, याचा मले लय घोर लागला होता,’’ असं म्हणत त्यांनी प्रेमाने त्याच्यावरचा कागद सोडला. विहीणबाईंनी सोबत वाळ्याची पुरचुंडीही दिली होती. त्या प्रेमापुढे नाही कोण म्हणणार?

आता कूलरचं शास्त्र असं, की ओल्या ताटीतून कोरडी हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता उचलतं. अकोल्याची मेमधली हवा एवढी तहानलेली असते, की बादलीभर पाणी बघता बघता पिऊन टाकते आणि उपकाराखातर गार होऊन बाहेर पडते. माणसाच्या घामाचंही तेच. घाम आला की माणूस गार होत नाही. घाम उडाला की होतो. मालवणच्या हवेने मात्र शेजारच्या अरबी समुद्राकडून आधीच इतकं पाणी उसनं घेतलेलं असतं, की तिला आपला घाम देऊ केला तर ती म्हणते, ठेवा तुमच्याकडेच. म्हणून तो आमच्याकडेच राहतो.

हे सगळं मी व्याहीबुवांना सांगू पाहिलं. ते म्हणाले, ‘‘चालू तं करून पाहू.’’

केला. पहिल्या तासात खोलीतला चिवडा सादळला. दुसऱ्या तासात मीठ पाझरायला लागलं. भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळी होऊन खिळ्यावरून उतरलं. काडेपेटीतली एक काडी पेटेना. उशीचा अभ्रा पिळला असता तर पेलाभर पाणी निघालं असतं. व्याहीबुवा मात्र कूलरसमोर पाय पसरून, डोळे मिटून, ‘‘वा! वा!’’ करत पडलेले. पहाटे त्यांची हाक आली. खोलीचा दरवाजा उघडेना. जुना फणसाचा दरवाजा, पावसाळ्यात फुगतो, तो मे महिन्यातच फुगून चौकटीत घट्ट बसला होता. मी बाहेरून ढकलतोय, चिरंजीव खांदा लावतायत, आतून व्याहीबुवा ओढतायत, आणि मोरीतून एक बेडूक येऊन पाऊस सुरू झाला म्हणून ओरडायला लागलेला.

‘‘इवाई,’’ दरवाजा निघाल्यावर ते म्हणाले, ‘‘तुमच्या इकडच्या लाकडात काई दम नाई.’’

कूलर मग गोठ्यात गेला. तिथं म्हैस त्याच्यासमोर समाधानाने बसते. तिला तसंही पाणी अंगावर राहिलेलं आवडतं.

तरी माणूस हरेना. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला बघायचं ठरलं, आणि मी ‘सकाळी लौकर जाऊ’ म्हणालो, तर म्हणतात, ‘‘तेहतिसाले काय घाबरायचं?’’ निघाले बाराच्या ठोक्याला. अकोल्याच्या रिवाजाप्रमाणे डोक्याभोवती, कानांभोवती, तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळलेला. फक्त डोळे दिसतायत. खिशात कांदा. अकोल्यात हे बरोबरच आहे, तिथला वारा भाजणारा, तो अंगाला लागू द्यायचा नसतो. इथं वाऱ्याच्या एका झुळुकीसाठी लोक नवस बोलतात.

जेटीवरच्या होडीवाल्याने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि काळजीने म्हणाला, ‘‘पावण्यांनु, डोक्याचा ता सोडा. नायतर आतल्या आत शिजशात.’’

‘‘काय म्हंते हा?’’ व्याहीबुवांनी मला विचारलं.

‘‘स्वागत करतोय.’’

किल्ला अठ्ठेचाळीस एकरांचा. महाराजांनी १६६४ त बांधायला घेतला, तेव्हा भर समुद्रात हे काम करणाऱ्यांना मे महिन्यात सुट्टी होती का, हा प्रश्न मला दरवेळी तिथं पडतो. व्याहीबुवांना इतिहासाची आवड. महाराजांच्या हाताचा ठसा, पायाचा ठसा, राजारामांनी उभारलेलं शिवरायांचं मंदिर, सगळं त्यांना बघायचं होतं. तटावर चढेपर्यंत दुपट्ट्याचा रंग गडद झाला. निम्म्या तटावर तो गळायला लागला. खिशातल्या कांद्याला वास सुटला. खारट पाण्याने वेढलेल्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे सांगितल्यावर तर त्यांनी इतिहास तिथंच सोडला आणि तीनही विहिरी डोळ्यांनी बघून घेतल्या. परतीच्या होडीत ते गप्प होते. त्यांचा मोबाइल घामाने ओल्या झालेल्या बोटाला ओळखत नव्हता, म्हणून त्यांना तापमान बघता येईना.

‘‘उकडतंय का?’’ मी अगदी सहज विचारलं.

‘‘नाई. पन इवाई, ते गुलाबी काय असते तुमच्याकडं, नारयाच्या दुधातलं... ते मिळंन का?’’

त्या दुपारी सोलकढीचं पातेलं रिकामं झालं. तरी कबुली नाहीच.

घरात माझ्या बाजूने कुणी असेल म्हणावं, तर तेही नाही. आमची सौ. उन्हाच्या पक्षाची. ती एकटीच नव्हे, मालवणातल्या बायकांचा सगळा पक्षच तो. मे महिन्यात त्यांना ऊन कडकच हवं असतं. खळ्यात एका बाजूला आंब्याची साठं, दुसऱ्या बाजूला रातांब्यांची सोलं, मध्ये फणसाचे पापड, कुंपणाशी मिरच्या आणि मांजरापासून लांब सुकायला टाकलेले बांगडे. आकाशात बोटभर ढग आला की मी हात जोडतो आणि ती ढगाला शिव्या घालते.

‘‘उकडता म्हणान काय वरडतात?’’ ती मला झापते. ‘‘तुमका पंखो आसा. माजी साठां अजून ओली आसत.’’

तिच्या दृष्टीने घरात पुरेसं ऊन न मिळालेल्या वस्तूंत साठं, सोलं, मिरच्या आणि नवरा असा क्रम लागतो. एकदा तर बांगड्यांवर राखण ठेवायला मला तिथंच खुर्ची टाकून बसवलं होतं. संध्याकाळी बांगडे आत घेताना तिने बोटाने दाबून बघितले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘ह्ये मातशे ओलेच रवले.’’

कुवेतला असलेला पुतण्या तरी दोन शब्द सहानुभूतीचे बोलेल म्हणून त्याला व्हिडिओवर गाठलं. कुवेत म्हणजे साधंसुधं नाही. तिथल्या मित्रिबाह इथं २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने तपासून तो आकडा मान्य केला. मी म्हटलं, एवढ्या भट्टीत राहणारा पोरगा, त्याला काकाचं दुःख कळेल. पडद्यावर बघतो, तर पुतण्या स्वेटर घालून बसलेला.

‘‘काका, हय थंडी वाजता,’’ तो कुडकुडत म्हणाला. ‘‘ऑफिसात एसी अठरावर ठेवतत. गाडीत एसी, घरात एसी. माका सर्दी झाली हा.’’

जगातल्या सगळ्यात उष्ण देशांपैकी एकात आमच्या घराण्यातल्या माणसाला सर्दी! तिथं उन्हाळ्यात जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, असंही त्याने सांगितलं. मला हसू आलं. मालवणात ही बंदी आमच्या पूर्वजांनी कुठल्याही कायद्याशिवाय लागू केली, आणि तीही बाराही महिने. दुपारी एक ते चार बाजारपेठेत फळी उघडी असलेलं दुकान दाखवा. आत दुकानदार दिसलाच तर तो मालाबरोबर आडवा ठेवलेला असतो. पर्यटक येऊन विचारतो, ‘‘दुकान बंद आहे का?’’ तो डोळे न उघडता म्हणतो, ‘‘उघडां आसा. मी बंद आसय.’’

एका रात्री लाईट गेली. मे महिन्यात मालवणात लाईट जाते, तिला आम्ही आता बातमी समजत नाही. सगळं घर उशा घेऊन खळ्यात आलं. व्याहीबुवा ‘‘मस्त हवा हाय’’ असं म्हणत पुठ्ठ्याने वारा घेत होते आणि मी मोबाइल उघडून अकोल्याला झुकवेल असं काही सापडतं का ते शोधत होतो. त्या रात्री माझ्या लक्षात आलं, की हा रोग एकट्या अकोल्याचा नाही. आपला उन्हाळा दुसऱ्यापेक्षा मोठा असावा, ही हौस जगभर आहे.

अमेरिकेत डेथ व्हॅली नावाचं खोरं आहे. तिथल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश मोजले गेले, आणि तोच आजवरचा जागतिक विक्रम. आता तिथं शहाण्या माणसाने जाऊ नये. तर लोक ऐन जुलैत मुद्दाम जातात, तिथल्या मोठ्या तापमापकाच्या पाटीशेजारी उभे राहून फोटो काढतात, काही जण तर त्यासाठी लोकरी कोट घालतात. शिवाय त्याच महिन्यात तिथं २१७ किलोमीटरची शर्यत असते आणि माणसं पैसे भरून तिच्यात धावतात. ऑस्ट्रेलियात मार्बल बार नावाचं गाव आहे. तिथं १९२३-२४ च्या उन्हाळ्यात सलग १६० दिवस दुपारचा पारा शंभर फॅरनहाइटच्या, म्हणजे ३७.८ अंशांच्या खाली राहिला नाही. शंभर वर्षं झाली, त्या गावाची ओळख अजून हीच. डेथ व्हॅलीच्या आधी जागतिक विक्रमाचा मान लिबियातल्या अल अझिझियाकडे होता. १३ सप्टेंबर १९२२ ची ५८ अंशांची नोंद. नव्वद वर्षं लिबिया त्या ऐटीत होता. मग २०१२ साली तज्ज्ञांनी जुन्या वह्या काढल्या, नवख्या माणसाने आकडा चुकीच्या रकान्यात, चुकीचा वाचून लिहिला असावा असं ठरवलं आणि नोंद बाद केली. रात्रीतून लिबियाचं ऊन उतरलं. आपल्याकडे अलवरने १९५६ पासून ५०.६ चा विक्रम साठ वर्षं सांभाळला. २०१६ च्या मेमध्ये फलोदीने ५१ करून तो हिसकावला. २०२४ त दिल्लीच्या मुंगेशपूरने ५२.९ ची हूल उठवली. वाहिन्या नाचल्या, आणि मग यंत्रच तीन अंश जास्त दाखवत होतं असं निघालं. मुंगेशपूरकरांचं काय झालं असेल, ते एक मालवणकरच जाणे.

आणखी खणल्यावर सेल्सियस सापडला. ज्या अँडर्स सेल्सियसच्या नावाने आपण अंश मोजतो, त्या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने १७४२ साली पट्टी सुचवली ती उलटी होती. पाणी उकळतं तिथं शून्य आणि गोठतं तिथं शंभर. दोन वर्षांत बिचारा वारला, आणि मागाहून लोकांनी पट्टी उलटवली. मी अंधारात पटकन हिशेब मांडला. मूळच्या पट्टीवर अकोल्याचे ४६ म्हणजे ५४. आणि मालवणचे ३३ म्हणजे ६७! तेरा अंशांनी पुढे! मी व्याहीबुवांना उठवून हे सांगितलं.

ते उठून बसले. थोडा विचार करून म्हणाले, ‘‘मंग त्या हिशेबानं सगळ्यात गरम कोन? हिमालय.’’

वऱ्हाडी माणूस झोपेतही हुशार असतो.

पण देव मालवणकरांच्या पाठीशी होता. सकाळी मोबाइलवर हवामान बघताना तेहतीसच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ दिसली. आजवर ती माझ्या नजरेतून सुटली होती. ‘जाणवते ४३.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कोणीतरी, कुठेतरी, अखेर आमचं ऐकलं होतं. लगेच अकोला काढलं. तापमान ४४. आणि खाली? ‘जाणवते ४१.’

तीन अंश कमी! हवेत ओल नसली की घाम भराभर उडतो, म्हणून आकड्यापेक्षा कमीच जाणवतं. इतकी वर्षं अकोलेकर एकेचाळीसचं ऊन सोसून चव्वेचाळीसचं कौतुक घेत होते, आणि आम्ही त्रेचाळीस सोसून तेहतीसचा अपमान गिळत होतो! मी खळ्यातून ओरडलो. सौ.ला वाटलं, कावळ्याने साठं नेली.

व्याहीबुवांनी दोन्ही आकडे नीट बघितले. चेहरा पडला, पण वकिली सुटली नाही. ‘‘जाणवते म्हंजे कोनाले जाणवते?’’

प्रश्न बिनतोड होता, म्हणून त्याचंही उत्तर शोधलं. रॉबर्ट स्टेडमन नावाच्या संशोधकाने १९७९ साली हे गणित मांडलं, आणि त्यासाठी एक काल्पनिक माणूस धरला. उंची १.७ मीटर, वजन ६७ किलो, अंगात पूर्ण विजार आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा, आणि तो सावलीतून ताशी पाच किलोमीटर वेगाने चालतोय. मी हे वाचून दाखवलं मात्र, दोघंही हसायला लागलो. मे महिन्यात मालवणात ताशी पाच किलोमीटर वेगाने चालणारा माणूस एकतर पर्यटक असतो, नाहीतर त्याच्यामागे कुत्रं लागलेलं असतं. तरीही जाणवते ते जाणवतेच. हवामान खात्यानेही २०२३ पासून असा निर्देशांक प्रायोगिक म्हणून द्यायला घेतलाय. आणि या ‘जाणवते’च्या यादीतले दादा लोक कोण, तर सगळे आमच्या गोत्रातले, समुद्राकाठचे. सौदी अरेबियातल्या दहरानला ८ जुलै २००३ रोजी पारा होता ४२, पण दवबिंदू ३५ वर गेला होता. दवबिंदू म्हणजे हवेत ओल किती मुरलीय त्याचं माप; मालवणात तो पंचविशीच्या आसपास असला तरी पंचा पिळावा लागतो. पस्तिशीला पंचाच माणसाला पिळत असावा.

व्याहीबुवा जायच्या दिवशी कुडाळला पोचवायला गेलो. डोक्याला दुपट्टा नव्हता. हातात आगळाच्या दोन बाटल्या, पिशवीत साठं आणि सौ.ने पटकन गुंडाळून दिलेले बांगडे. गाडी हलता हलता खिडकीतून हात धरून ते हळूच म्हणाले, ‘‘इवाई, खरं सांगू? तुमच्या इकडं जरासं... दमट हाय.’’

‘जरासं’ सोडून बाकीचं मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

पुढे मृग लागला आणि विषय बदलला. उकाड्याचं नाव काढायला कुणाला फुरसत राहिली नाही, कारण आता पाऊस मोजायचा होता. आणि इथं मात्र पट्टी सरळ धरा, उलटी धरा, आम्हीच पुढे. आमच्याच जिल्ह्यातली आंबोली वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरातली. जुलैच्या अखेरीला मी मुद्दाम अकोल्याला फोन लावला.

‘‘व्याहीबुवा, पाऊस किती?’’

‘‘चार शितोडे. तुमच्याकडं?’’

‘‘तुमच्याकडे अख्ख्या वर्षात पडतो, त्याच्याहून जास्त आमच्याकडे या एका महिन्यात पडला. सरकारी आकडा आहे.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग व्याहीबुवांचा आवाज आला, ‘‘पडला असंन. पन इवाई, त्या मोबाइलात खाली पाहा बरं. जाणवून किती राह्यला?’’